हेल्याची क्लासमधली नोकरी

तो प्राणी नेमका कोणता, हे लातुरात आजवर ठरलेलं नाही. अंगभर लोंबते केस, दोन्हीकडं वाकलेली शिंगं, बैलाचं तोंड, चालायचं मात्र दोन पायांवर, गळ्यात टाय बांधून. आमचे बायोलॉजीचे सर म्हणतात, याक. गल्लीतले म्हातारे म्हणतात, अस्वलच आहे, शिंगं नंतर चिटकवलेत. पण टीव्हीवरच्या त्या कार्टूनला मराठी बोलायला लावलं लालमहंमदनं, आणि लालमहंमदनं एकदाच सांगून टाकलं, "हेला हाय. फारिनचा. तिकडं थंडी लई, म्हनून केसं आलेत." हेला म्हणजे आमच्याकडं रेडा, आणि ज्याच्या हातात माईक, त्याचा हेला. विषय संपला.

लालमहंमद म्हणजे गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीतला टीव्ही दुरुस्तीवाला. दुकान पुढं, घर मागं, मधे फुलाफुलांचा पडदा. दुकानात टीव्ही असे पोट उघडून मांडलेले, की पेशंट टेबलावर ठेवून डॉक्टर चहाला गेलाय असं वाटावं. लालमहंमद स्वतः वाळलेल्या शेंगेसारखा, आणि आवाज त्याहून बारीक. गिऱ्हाईक दोनदा "आँ?" म्हणाल्याशिवाय "पिक्चर ट्यूब गेली" एवढंही कळायचं नाही. पण हाच माणूस हेल्याचा आवाज काढायला लागला की रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं घुमायचं. प्रत्येक शब्द जणू नुकताच झोपेतून उठलाय आणि परत आडवा व्हायला बघतोय. तो आवाज काढायचा असेल तर हनुवटी छातीला लावायची, पोट सैल सोडायचं आणि जगात कशाचीच घाई नाही असं मनापासून समजायचं. पहिल्या दोन गोष्टी मला जमतात. तिसरी लातूरच्या क्लासमधल्या पोराला कशी जमणार?

हेला आला भूकंपानंतर, मदतीच्या ट्रकमधून. त्या ट्रकांमधून जगानं आमच्या भागाला काय काय पाठवलं ते विचारू नका. ऑक्टोबरच्या उन्हात लोकरीचे कोट आले. उंच टाचांचे बूट आले. टाय तर इतके आले की औशाकडं लोकांनी ते बैलांना बांधले. अशाच एका खोक्यात व्हिडिओ कॅसेटी निघाल्या. भाषा कोणती, ते वाटणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. "मुलांचं मन रमेल," असं म्हणून त्यांनी खोकं लालमहंमदच्या हातात दिलं आणि गाडीत बसून निघून गेले.

लालमहंमद टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर घेऊन किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडवर गेला. तिथं वेगळीच अडचण. पोरं पत्र्याखाली यायलाच तयार नव्हती. घरं अंगावर पडलेली, आता छप्पर म्हटलं की पोरं पळायची. साहेब लोक समजावून गेले, "पत्रा हलका असतो, काही होत नाही." पोरांनी साहेबाकडं बघितलं, पत्र्याकडं बघितलं, आणि आणखी लांब जाऊन बसली. लालमहंमदनं टीव्ही शेडच्या पार आतल्या कोपऱ्यात ठेवला, बाहेरून नुसता उजेड दिसेल असा. कॅसेटीचा आवाज बंद केला, आणि रांजणात तोंड घातलं.

"आरं, आत या की. मी येवढा जाड गडी, मी बसलोय ना हितं? पडायचं आसतं तर मी आलो आसतो का आत?"

आधी एक पोरगं आलं. मग त्याची बहीण. संध्याकाळपर्यंत शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. हे काम लालमहंमदनं चांगलं केलं, एवढं मान्य करून पुढं जातो, कारण पुढं त्याची अक्कल गहाण पडणार आहे.

शेडं उठली, पण हेला काही उठला नाही. बसवंत केबलवाल्यानं त्याला आपल्या केबलवर घेतलं, रोज संध्याकाळी सहाला. कॅसेटी त्याच त्या, आवाज बंद. लालमहंमद माईक घेऊन समोर बसायचा आणि त्याच चित्रावर रोज नवी गोष्ट सांगायचा. मूळ कार्टून एवढंच होतं की हा प्राणी दर वेळी नवी नोकरी धरतो आणि सात मिनिटांत घालवतो. लालमहंमदच्या तोंडून तो जिल्हा परिषदेत शिपाई झाला, साहेबाचा चहा स्वतः पिला, गेला. एसटीत कंडक्टर झाला, मुखेडच्या गाडीत बसलेल्यांना भोकरला उतरवलं, गेला. मालक लाथ घालायचा, हेला उडून झाडाखाली पडायचा, आणि तिथूनच म्हणायचा, "जाऊ द्या मालक. बसतो जरा." लातुरातली पोरं घरी तेच म्हणायला लागली. बाप विचारायचा, "गणितात एवढे कमी का?" पोरगं म्हणायचं, "जाऊ द्या मालक." पुढचा आवाज कानाखालचा.

तोवर शहरात दुसरं पीक आलं होतं. जिकडं बघावं तिकडं क्लास. खाली क्लास, वर हॉस्टेल, मागं मेस. चौकात देवांपेक्षा टॉपरांचे फोटो जास्त. शेडमध्ये हेला बघितलेली पोरं आता अकरावी-बारावीला आली होती, आणि मुखेडसारख्या गावांतून माझ्यासारखी आणखी पोती भरून येत होती. या पिकावरचा सगळ्यात जाड दाणा म्हणजे आमचे विरूपाक्ष सर.

विरूपाक्ष सर सोलापूरकडून भूकंपानंतर आले. त्यांचा आवाज सोपा आहे. नाकानं हवा ओढायची, "स्टूडंट्स" म्हणताना दोन ट जास्त घालायचे, आणि वाक्य संपण्याआधी खडू मोडायचा. "स्टूडंट्ट्स, लक्षात आलं? नाही आलं. म्हणूनच तर क्लास आहे." प्रश्न तेच विचारणार, उत्तर तेच देणार, वर फी आपल्या बापानं भरायची. लालमहंमदच्याच गल्लीतल्या सरांच्या क्लासला तीन बॅचेस. पहिलीला सर स्वतः शिकवायचे. तिसरीला सरांचा भाचा, जो टेबलाखाली गाईड धरून फळ्यावर उतरवायचा आणि पान उलटताना "जरा विचार करा" म्हणायचा.

लालमहंमदची आलिया तिसऱ्या बॅचला होती. दोन मार्कांनी वरची बॅच हुकलेली. शब्द टोकदार, स्वभाव त्याहून. "मला हेल्याची पोरगी म्हणाल तर कंपास खुपशीन," हे तिनं पहिल्याच दिवशी बॅचला सांगून टाकलं होतं.

एक दिवस सर स्वतः दुकानात आले. माझा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला होता, म्हणून मी तिथंच बसलेलो.

"लालमहंमद आपणच?"

"जी."

"हेला आपणच?"

"सहा वाजता. आत्ता दुरुस्ती."

सरांनी स्टूल रुमालानं पुसलं आणि बसले नाहीत. "तुमच्यामुळे माझी सहाची बॅच रिकामी राहते. तुमचा हेला रोज नोकरी घालवतो. मुलांवर काय संस्कार होतात?"

"सर, जनावर हाय ते."

"जनावरानेसुद्धा करिअर केलं पाहिजे!" सरांच्या हातात खडू नव्हता, नाहीतर मोडला असता. "शत्रू मोठा झाला की त्याला स्टाफवर घ्यावं. हेला माझ्या क्लासला अॅडमिशन घेणार. बोला, काय पाहिजे?"

लालमहंमदनं पडद्याकडं बघितलं. पडद्यामागं आलिया मोठ्यानं अभ्यास करत होती. "सर, माझी पोरगी तुमच्याकडंच हाय. तिसऱ्या बॅचला."

"तिसरी बॅचसुद्धा उत्तम आहे."

"मंग तुमी का शिकवत न्हाई तिथं?"

सरांना खोकला आला. तो संपल्यावर सौदा ठरला. जोवर हेला क्लासमध्ये, तोवर आलिया पहिल्या बॅचमध्ये. पडद्यामागून लालमहंमदची बायको वहिदा म्हणाली, "हौ बोलो ना, और काय इचारते?" आलियानं पुस्तक फटकन मिटल्याचं ऐकू आलं.

पुढच्या आठवड्यापासून हेला हुशार झाला. सर सहाची बॅच भाच्यावर सोडून केबलच्या खोलीत लालमहंमदच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे. पडद्यावर हेला तीच जुनी कढई उलटी पाडतोय, आग लागलीय, मालक मागं पळतोय, आणि आवाज सांगतोय, "ही बघा, मित्रांनो, ज्वलनाची अभिक्रिया." हेल्याला लाथ बसायची, तो झाडाखाली पडायचा आणि गुरुत्वाकर्षण समजावून सांगायचा. चौकात पोस्टर लागलं: हेल्याचा फोटो, शेजारी सरांचा, खाली "याला जमलं, तुम्हाला का नाही?" दोन्ही फोटोंतला जास्त विचारी चेहरा कोणाचा, यावर मेसमध्ये मतदान झालं. सर पडले.

बसवंत केबलवाला एकदा दुकानात येऊन म्हणाला, "लाल्या, हेला मेला की रं."

"शिकून राहिला," लालमहंमद म्हणाला.

"तेच म्हनतो मी."

पोरांनी सहाचा टीव्ही सोडला आणि बॅचला यायला लागली, दुसरं करायला काही उरलंच नव्हतं ना. सर खूश. आलिया पहिल्या बॅचला, बरोबर पंख्याखाली. मी मागच्या बाकावरून बघायचो, लिहिताना तिची मान वर होत नसे. मार्क वाढले. वहिदाचाची गल्लीत मान ताठ करून फिरायला लागली. लालमहंमदचा आवाज आणखी बारीक झाला, पण गिऱ्हाईक सोडून कोणाचं काय अडलं?

मग डिसेंबरात सरांना ब्राह्ममुहूर्त सुचला. समोरच्या क्लासवाल्यानं आपल्या हॉस्टेलच्या पोरांना पाचला उठवायला सुरुवात केली होती. सर चारला उठवणार. गल्लीतल्या खांबांवर कर्णे बसले, क्लासच्या ऑफिसात माईक. चारच्या ठोक्याला हेला हाक मारणार.

इथं गल्लीची एक रीत सांगितली पाहिजे. भूकंप झाला तो पहाटे चारच्याच सुमाराला. तेव्हापासून आमच्या गल्लीत उजाडायच्या आत कोणी हाक मारत नाही. मारावीच लागली तर आधी "काही नाही झालं" म्हणायचं, मग काम सांगायचं. दूधवाला ओरडतो, "काई न्हाई झालं, दूध!" पहाटेच्या एसटीनं पाहुणा येतो, कडी वाजवायच्या आधी म्हणतो, "काई न्हाई झालं, मी शिवमूर्ती, भोकरचा!" आमच्या मेसवाल्या शिवकांताबाईंचे सासरे वारले तेव्हाही निरोप्या दारात उभा राहून आधी हेच म्हणाला होता, "काई न्हाई झालं बाई, आप्पा गेले." हसू नका. बाई म्हणतात, त्या दिवशी ते ऐकून आधी बरं वाटलं होतं.

लालमहंमदनं सरांना हे सगळं सांगितलं. मी दुकानाच्या दारात होतो, सर पायरीवर.

"सर, चारला नगं. उजाडल्यावर करू."

"उजाडल्यावर कोंबडासुद्धा ओरडतो. त्यात आपलं वैशिष्ट्य काय?"

"मंग निदान आदी म्हनू द्या, 'काई न्हाई झालं.' मंग उठा म्हनतो."

सरांनी कपाळाला हात लावला. "सुरुवातच निगेटिव्ह? 'काही नाही झालं'? अहो, आपल्या क्लासमध्ये सगळं होतं! लक्षात आलं? नाही आलं." त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, "उठा! उठा! बाहेर या! झोपला तो गेला!"

लालमहंमदनं कागद वाचला आणि परत सरांच्याच पुढं धरला. "सर, भाईर या नगं ना."

"अहो, गच्चीत हजेरी आहे. बाहेर आल्याशिवाय कशी घेणार?"

"हेला वरडत न्हाई, सर. त्याला घाई नसती."

"माझ्या क्लासमध्ये आहे, ओरडेल." सर दोन पायऱ्या उतरले, थांबले, आणि खूप गोड आवाजात म्हणाले, "आलिया रमली ना पहिल्या बॅचमध्ये?"

बस्स. एवढ्यावर मामला मिटला. माणसाला पुढं खड्डा दिसतोय, खड्ड्याची खोली माहीत आहे, खड्डा त्यानंच दुसऱ्याला दाखवलाय, आणि तरी तो म्हणतो, "बरं सर." शेंगेत दाणे नसले की ती अशी वाजते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आधी कर्ण्यांची घरघर आली. खिडक्यांवरचे पत्रे थरथरले. आणि मग त्या घरघरीतून, रांजणातला पण भेदरलेला, आवाज आला, "उठा! उठा! बाहेर या!"

गल्ली बाहेर आली. आली म्हणजे सांडली. कोणी लेकरू, कोणी शेळी, कोणी प्रेशर कुकर छातीशी धरून. कोणी एकाच पायात चप्पल घालून. हॉस्टेलची पोरं तिसऱ्या मजल्यावरून पायऱ्या न मोजता. लातूर पॅटर्नची एवढी पोरं त्या रस्त्यावर गोळा झाली, शपथेवर सांगतो, एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं. सगळ्यात पुढं कोण? विरूपाक्ष सर. त्यांनी स्वतः योजना आखली, स्वतः कागद लिहिला, आणि गल्ली पळाली म्हणून स्वतःही पळाले, चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, नळाजवळ येऊन थांबले. वरून त्यांच्या आईचा आवाज आला, "विरू! आरं, मी वर हाय की रं!" सर खाली, आई वर. सरांनी मान वर करून सांगितलं, "आई, घाबरू नकोस, योजना आहे!"

शिवकांताबाई मेसच्या पायऱ्यांवरून उजव्या हातावर पडल्या. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो मात्र मला काढून दाखवायचा नाही.

ऑफिसात बसलेल्या लालमहंमदला यातलं काहीच दिसत नव्हतं. तो ओरडतच राहिला, "झोपला तो गेला! बाहेर या!" शेवटी आलिया अनवाणी पळत गेली आणि माईकची वायर उपटली. कर्ण्यातून शेवटचं आलं ते तिचं, "अब्बा, बस करो!"

ऊन अंगावर येईपर्यंत म्हातारी माणसं घरात गेली नाहीत. किल्लारीकडची दोन पोरं आमच्या हॉस्टेलला होती. ती त्या दिवशी वर आलीच नाहीत, अंथरूण खाली मागवून घेतलं.

सकाळी गल्ली क्लाससमोर जमली. सर तोवर पँट घालून आले होते, त्यामुळं त्यांना आवाजही आला होता. "तांत्रिक चूक आहे. हेल्याने आगाऊपणा केला. मी त्याच्याशी बोलतो." जणू हेला वर ऑफिसात खुर्चीवर बसलाय आणि सर त्याला मेमो देणार आहेत. मग सर लालमहंमदच्या दुकानात गेले, नवा कागद घेऊन. आज सहा वाजता केबलवर हेल्याच्या आवाजात वाचायचा. मी तो कागद लांबून वाचला, सरांचं अक्षर बैलगाडीएवढं मोठं: "मित्रांनो, मी हेला. मस्ती मीच केली. सरांचा काही संबंध नाही. मला माफ करा, आणि क्रॅश कोर्सला या."

"न वाचल्यास," सर म्हणाले, "उद्या आलियाला पाठवू नका. कुठल्याच बॅचला."

सर गेल्यावर पडदा हलला. "पढ लो," वहिदाचाची म्हणाल्या. "बेटी का सवाल है. मुँह तुमारा, नाम तो हेले का."

आलिया पडद्याशीच उभी होती. "वाचा अब्बा. परीक्षेला दोन महिने राहिलेत. दोन ओळी तर आहेत."

लालमहंमदनं कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि एका टीव्हीच्या पोटात हात घालून बसला.

सहाला आम्ही सगळे मेसमध्ये टीव्हीसमोर. खूप दिवसांनी गल्लीच्या घराघरांत एकच चॅनेल लागलेला. शिवकांताबाई प्लास्टर गळ्यात अडकवून डाव्या हातानं वाढत होत्या, आणि वरण ताटाऐवजी पोरांच्या पायावर पडत होतं. कॅसेट सुरू झाली. पडद्यावर हेला झाडाखाली झोपलेला, पोट वर-खाली होतंय. आवाज नाही. मग काहीतरी बारीक ऐकू आलं.

"आँ?" सगळी मेस एका सुरात म्हणाली. कोणीतरी आवाज वाढवला.

"मी लालमहंमद बोलून राहिलो. टीव्ही दुरुस्तीवाला." रांजण नाही, काही नाही. शेंगेचा आवाज. "पहाटे चारला मी वरडलो. सरांनी वरडायला लावलं. काय व्हईल ते मला ठावं व्हतं, तरी वरडलो. पोरीला पहिल्या बॅचला बसवायचं व्हतं मला."

मागून नाकातला आवाज आला, "कागद वाचा! अहो, कागद!" माईक उघडा होता. आख्ख्या लातूरनं ऐकलं.

"शिवकांताबाई, तुमचा हात मी मोडला. हेल्याचं नाव कुनी घेऊ नगा. त्यो बिचारा झोपलाय, दिसून राहिला ना समोर? मी गुन्हा करायचा आन त्यानं माफी मागायची, ह्ये न्हाई व्हनार."

"बसवंत! लाईन कट कर! तुझी जाहिरात बंद करीन!" नाक ओरडलं.

"सर, तुमी खुर्ची माज्या वायरीवर ठेवली हाय," बसवंतचा आवाज आला, लोण्यासारखा. "जरा उठा. न्हाई, तसं न्हाई. जाऊ द्या, बसा."

मेस फुटली. पण शिवकांताबाई हसल्या नाहीत. डाव्या हातातली पळी पातेल्यात आपटून म्हणाल्या, "माफी मागून हाड जुळतंय व्हय रे, मेल्या?" प्लास्टर निघेपर्यंत त्या लालमहंमदशी बोलल्या नाहीत, आणि बरोबर केलं.

आता यावर काय व्हावं? क्लास बंद पडावा, सरांनी गाशा गुंडाळावा. तर ऐका. क्लासचं नाव फुकटात घराघरांत पोचलं, आणि पुढच्या वर्षासाठी रांग लागली. रांगेत आमच्या गल्लीतले दोन बाप होते. मी एकाला विचारलं, "काका, तुम्ही तर शेळी घेऊन पळाला होता ना?" तो म्हणाला, "पळालो की. पर मास्तर कडक हाय." सरांनी हेल्याची पोस्टरं उतरवली आणि कापडाचा हत्ती आणला. हत्ती दारात उभा राहून सोंड हलवतो. बोलत नाही. सरांना तसाच स्टाफ आवडतो.

आलियाचं नाव दुसऱ्याच दिवशी कापलं. त्या संध्याकाळी पडद्यामागून जे ऐकू आलं, ते गल्लीतल्या सगळ्यांनी न ऐकल्यासारखं केलं आणि एक शब्द सोडला नाही.

"एक कागद, अब्बा! एक! वाचला असता तर काय हेला मेला असता?"

"हौ," लालमहंमद म्हणाला.

"आणि माझं काय?"

 वहिदाचाची भांडी घासत होत्या, तो आवाज तेवढा येत राहिला.

नांदेडला आलियाची मावशी, लुबना खाला, राहते. आलिया एकदा जाऊन तिथल्या क्लासची प्रवेश परीक्षा देऊन आली, आणि खालाकडं राहून तिथंच शिकायचं ठरलं. त्या दिवशी मी मुखेडच्या गाडीची वाट बघत लातूर स्टँडवर होतो. लालमहंमद डोक्यावर ट्रंक घेऊन आला, मागं पंधरा पावलांवर आलिया, ओळख नसल्यासारखी. त्यानं ट्रंक सीटखाली सरकवली, खाली उतरला आणि तिच्या खिडकीखाली उभा राहिला. ती समोर बघत होती. केळीवाल्यानं अर्धापूरची केळी म्हणून खिडकीतून घड आत घातला, तिनं तो ढकलून बाहेर काढला.

ड्रायव्हर चढला तेव्हा ती बोलली, समोरच बघत. "तिकडच्या सरांनी विचारलं. तुमचे वडील येतील का म्हणे, आवाजाचं काम आहे. पहिल्या बॅचला बसवतो म्हणाले."

लालमहंमदचा चेहरा असा उजळला की मला शिवी द्यावीशी वाटली. त्याची हनुवटी आपोआप छातीकडं जायला लागली होती.

"मी नाही म्हणाले," आलिया म्हणाली. "परीक्षा दिली त्यांची. दुसरी मिळाली."

"दुसरी बी..."

"चांगली असते म्हणू नका."

 कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

"ते फोन करतील दुकानात," ती म्हणाली, आता त्याच्याकडं बघत. "लई गोड बोलतात. जाऊ नका."

"न्हाई जात."

"अम्मीनं सांगितलं तरी."

"तरी बी न्हाई," लालमहंमद म्हणाला, आणि गाडी हलली तसा खिडकीचा गज धरून थोडा चालला. मग कंडक्टर ओरडला, "ओ चाचा, तिकीट काढा न्हाईतर हात सोडा," तेव्हा त्यानं हात सोडला.